बाग उभारणे आणि बाग राखणे : तंजावरचा धडा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराशेजारी शिवगंगा तलाव आहे आणि त्या तलावाला धरून एक बाग आहे. १८७१-७२ साली तंजावर नगरपालिकेने ती लोकांसाठी तयार केली. झाडे लावली, पशुपक्षी आणून ठेवले आणि दरवाजे सर्वांना उघडे केले. तेव्हा भोसल्यांचे राज्य संपून सोळा वर्षे झाली होती. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राजवाडा राहिला, सरस्वती महाल ग्रंथालय राहिले. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहासही राहिला. या सगळ्यामागे राजाची इच्छा आणि राजाची तिजोरी होती. शिवगंगा बाग मात्र वेगळ्या वाटेने आली. ती गावाच्या कारभाऱ्यांनी गावाच्या पैशातून केली होती.

तिच्या आवारात १७७९ साली बांधलेले श्वार्ट्झ चर्च आहे. शेजारी चोळांचे मंदिर, सोळाव्या शतकातला नायकांचा कोट, खाली तलाव आणि मध्ये नगरपालिकेची बाग, इतका इतिहास एका नजरेत मावणारी सार्वजनिक बाग देशात विरळाच. या बागेकडे पाहून एक साधा, पण आपल्या शहरांत फार कमी वेळा विचारला जाणारा प्रश्न विचारता येतो. बाग कोणाच्या पैशाने उभी राहते आणि कोणाच्या पैशाने टिकते?

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. आपल्याकडच्या बागांची बहुतेक दुरवस्था त्या फरकातून होते.

नगरपालिकेचा जन्म आणि बागेचा जन्म

तंजावरची नगरपालिका १८६६ ची, म्हणजे बाग झाली तेव्हा ती पाचसहा वर्षांची होती. १८५७ नंतर इंग्रज सरकारची तिजोरी कर्जात होती. रस्ते, दिवे, सफाई यांचा खर्च शहरांनी आपापल्या करांतून उचलावा, हे सरकारला हवे होते. मद्रास इलाख्यात १८६५ मध्ये नगरसुधारणेचा कायदा झाला आणि त्याखाली गावोगाव नगरपालिका स्थापन झाल्या. डिसेंबर १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्चाच्या विकेंद्रीकरणाचा ठराव केला आणि १८७१ मध्ये मद्रासने नगरसुधारणेचा नवा कायदा केला. शिवगंगा बाग नेमकी त्याच वेळची आहे.

म्हणजे ही बाग बक्षीस म्हणून मिळालेली नाही. घरपट्टी आणि इतर कर भरणाऱ्या तंजावरकरांनी ती पोसली. आज बागेत गेलेला माणूस पालिकेची मेहेरबानी घेत नसतो, तो आपल्याच मालकीच्या जागेत पाऊल टाकत असतो.

स्वतंत्र भारतात या हक्काला घटनेचा आधार मिळाला. १९९२ ची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने बारावी अनुसूची जोडली आणि नागरी संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी दिली. त्यात बारावा विषय आहे उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सोयींचा. पण ही कामे पालिकांना सोपवण्याचा अधिकार राज्य सरकारांकडेच राहिला आणि कामाबरोबर पुरेसा पैसा द्यायचे बंधन कोणावर आले नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासानुसार देशातल्या सगळ्या महानगरपालिकांचे महसुली उत्पन्न एकत्र केले तरी ते देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्काही भरत नाही. बागांचा प्रश्न या तुटपुंज्या पिशवीपासून सुरू होतो.

गरज किती?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शक सूत्रांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. हे माप तंजावरला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २,२२,९४३ होती. माणशी १० चौरस मीटर धरले, तर सुमारे २२३ हेक्टर, म्हणजे साधारण ५५० एकर मोकळी जागा लागते. त्या वेळी शहराचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस किलोमीटर होते. म्हणजे शहराच्या दर शंभर एकरांतले सहा एकर बागा, मैदाने आणि मोकळ्या जागांसाठी हवेत.

शंभरातले सहा एकर ही मागणी अवाजवी नाही. मात्र एकट्या शिवगंगा बागेने ती भागणार नाही. तिला वॉर्डावॉर्डांतल्या लहान बागा, तलावांचे काठ, कालव्यालगतच्या पायवाटा आणि शाळांची मैदाने लागतात. कावेरीच्या खोऱ्यातल्या या गावाला पाण्याचे काठ नव्याने शोधावे लागत नाहीत. कावेरी-मेट्टूर योजनेतला, १९३४ चा ग्रँड अनिकट कालवा शहरातून वाहतो आणि जुन्या वस्तीत तलाव आहेत. नायक आणि मराठ्यांच्या काळात शिवगंगेचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात नेले जाई. स्मार्ट सिटी योजनेत अय्यनकुळम या जुन्या तलावाचे काम निघाले, तेव्हा शिवगंगेशी त्याला जोडणाऱ्या अशा जुन्या भुयारी वाटेकडे पुन्हा लक्ष गेले. फिरायची वाट, पाण्याचा साठा आणि शहराचा वारसा ही तीन कामे एकाच खर्चात साधणारी अशी जागा फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते.

एप्रिल-मे महिन्यांत तंजावरचा पारा चाळिशीकडे झुकतो. अशा दिवसांत दाट झाडांखालची सावली आणि तलावावरचा वारा ही आरोग्याची सोय असते. घरात वातानुकूलन असलेल्याला ती सोय थोडी कमी लागते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याला, फेरीवाल्याला, म्हाताऱ्या माणसाला आणि खेळायला अंगण नसलेल्या मुलाला ती जास्त लागते. ज्यांना बागेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्या खिशात तिच्यासाठी पैसा नसतो. म्हणूनच बाग बाजारावर सोडता येत नाही, तिला सार्वजनिक पैसाच लागतो.

उभारणीचे पैसे

नवी बाग करायची किंवा जुनी नव्याने करायची, तर पैसे मिळण्याच्या वाटा आज पुष्कळ आहेत.

पहिली वाट केंद्राच्या योजनांची. स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०१६ च्या यादीत मदुराई, सेलम आणि वेल्लोरबरोबर तंजावरची निवड झाली. या योजनेत प्रत्येक शहराला केंद्राकडून ५०० कोटी रुपयांपर्यंत मदत आणि तेवढीच भर राज्य व स्थानिक संस्थेने घालायची, असा हिशेब होता. शिवगंगा बागेचे नूतनीकरणही यातच आले. २०१५ मध्येच सुरू झालेल्या अमृत योजनेत पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही मुख्य कामे होती. बागा व हरित जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत वाटा ठेवला होता आणि तो खर्चताना मुलांचा विचार आधी करावा असे सांगितले होते. शंभर रुपयांतले अडीच रुपये! तरी निदान बागेच्या नावाने रक्कम बाजूला निघाली, हे महत्त्वाचे.

दुसरी वाट राज्याची. तामिळनाडूच्या कलैञर नगर विकास योजनेतून बागा, बाजार, बसस्थानके, तलाव अशा कामांना पैसा मिळतो. 'नमक्कु नामे' या योजनेत नागरिकांनी किंवा संस्थांनी कामाच्या खर्चाचा साधारण एक तृतीयांश वाटा उचलायचा आणि उरलेला सरकारने घालायचा. १९९० च्या दशकात निघालेली ही योजना २०२१ नंतर पुन्हा सुरू झाली.

तिसरी वाट लोकप्रतिनिधींच्या निधीची. खासदाराला मतदारसंघासाठी वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात आणि आमदारांचा निधी वेगळा. हा पैसा मुख्यतः टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी असतो. चौथी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करायला लावले आहे.

पाचवी वाट पैशाची नाही, जमिनीची आहे. तामिळनाडूत तीन हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचा लेआऊट मंजूर करून घेताना रस्ते वगळून १० टक्के जागा मोकळी ठेवून ती बक्षीसपत्राने स्थानिक संस्थेला द्यायची असते. लहान लेआऊटमध्ये जमिनीऐवजी सरकारी दराने किंमत भरण्याची मुभा आहे, दहा हजार चौरस मीटरच्या पुढे जमीनच द्यावी लागते. महाराष्ट्रातही २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटरपासून पुढे १० टक्के मोकळी जागा सोडण्याचे बंधन आहे. शहर वाढते तेव्हा ज्याला त्या वाढीतून फायदा होतो, त्यानेच मोकळी जागा द्यावी, हा यामागचा न्याय आहे.

या सगळ्या वाटा एकत्र पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतला पैसा बाग बांधायला मिळतो. बाग बांधून झाली, कोनशिला बसली, फीत कापली, की त्या वाटा संपतात.

राखणीचा पैसा

लग्नाला कर्ज मिळते, संसाराला रोजची मिळकत लागते. बागेचेही तसेच आहे. माळ्यांचा पगार, पाणी, पंपाची वीज, दिवे, पहारा, स्वच्छतागृहाची सफाई, झोपाळ्यांचे बोल्ट, घसरगुंडीचा गंजलेला पत्रा, पायवाटेच्या उखडलेल्या फरशा, वाळलेल्या फांद्यांची छाटणी हे खर्च दरमहा येतात. तलाव असेल तर गाळ आणि जलपर्णी काढावी लागते. तंजावरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्याआधी तलावात येणारे ओहोळ मोकळे केले नाहीत, तर वर्षभराचे पाणी गटारातून निघून जाते. त्यानंतर मार्चपासून कोवळ्या झाडांना पाणी घालावे लागते. हे वेळापत्रक चुकले, तर एका उन्हाळ्यात तीन वर्षांची लागवड जळते.

एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, एका बागेवर एक कोटी रुपये खर्च झाले आणि तिच्या देखभालीला वर्षाला आठ लाख लागतात. भाववाढ सोडून दिली तरी साडेबारा वर्षांत देखभालीचा खर्च उभारणीइतका होतो. बाग पन्नास वर्षे टिकावी असे वाटत असेल, तर उभारणीच्या चौपट रक्कम देखभालीला लागणार हे पहिल्या दिवशीच माहीत असले पाहिजे. अंदाजपत्रकाच्या चर्चेत मात्र एक कोटीवर भाषणे होतात आणि आठ लाखांचा उल्लेखही होत नाही.

हा आठ लाखांचा खर्च पालिकेच्या महसुली खात्यातून, म्हणजे मुख्यतः मालमत्ता करातून आणि राज्याकडून मिळणाऱ्या वाट्यातून यावा लागतो. त्याच खात्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, कचरा, रस्त्यावरचे दिवे, वीजबिले जातात. वित्त आयोगाचे अनुदान मिळते, पण पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधून ठेवला आणि उरलेला भागही पगार व आस्थापनेवर खर्च करायला मनाई केली. म्हणजे वित्त आयोगाच्या पैशातून कायमचा माळी नेमता येत नाही. खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिला वार बागेवर होतो, कारण बागेचे पाणी तोडले तर त्या दिवशी मोर्चा निघत नाही. झाड वाळायला आठवडे लागतात आणि वाळल्यावर बोलायला तर ते येणार नसते.

मालमत्ता कराचेही ऐकावे लागेल. तामिळनाडूत वर्षानुवर्षे हा कर वाढवला गेला नाही. मग एप्रिल २०२२ मध्ये राज्यभर एकदम २५ ते १५० टक्क्यांपर्यंत वाढ झाली. लोक नाराज होणे स्वाभाविक होते. दरवर्षी थोडा वाढलेला कर आणि त्यासोबत तुमच्या वॉर्डातल्या बागेवर इतके खर्च झाले, हा हिशेब, अशी पद्धत असती तर तीच वाढ लोकांनी सोसली असती. दिलेला पैसा कुठे गेला हे दिसले, तर माणूस कर देतो.

शिवगंगा बागेच्या नूतनीकरणातून याच विषयाची आणखी एक बाजू दिसली. त्या कामासाठी बाग दीर्घकाळ बंद राहिली. प्राचीन वास्तूंच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट घातली आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या मंदिराच्या सावलीतल्या बागेत नवे बांधकाम मुळातच कमी असावे. अशा ठिकाणी शोभेच्या बांधकामापेक्षा जुनी झाडे, स्वच्छ पाणी आणि नीट पायवाट यांवर खर्च करणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट अशी की स्मार्ट सिटीची कामे एका स्वतंत्र कंपनीमार्फत होत आणि पूर्ण झाल्यावर महानगरपालिकेकडे येत. मालमत्ता हाती येई, तिच्या राखणीचा पैसा बरोबर येत नसे. स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. शंभर शहरांतल्या नव्या बागा, नव्या पायवाटा, नवे तलावकाठ आता त्या-त्या पालिकेच्या जुन्याच महसुली खात्यावर आहेत.

तिकीट की दत्तक?

राखणीसाठी दोन सोपे उपाय नेहमी सुचवले जातात, तिकीट आणि दत्तक योजना. दोन्ही उपायांचा अनुभव महाराष्ट्रात आहे.

मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, २०१७ मध्ये प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. तिथे प्राणिसंग्रहालय आहे, प्राण्यांचे खाणे आणि डॉक्टर यांचा खर्च मोठा आहे, आणि माणूस तिथे वर्षातून एकदोनदा जातो. तिथे तिकीट समजू शकते. पण जिथे माणूस रोज सकाळी चालायला जातो आणि मूल रोज संध्याकाळी खेळायला जाते, त्या बागेला तिकीट लावले की गरीब घरातले मूल सर्वांत आधी बाहेर राहते. दादरचे हे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. जवळजवळ २८ एकरांच्या त्या मैदानाने मुंबईला क्रिकेटपटू दिले, सभा दिल्या, चालणारे लोक दिले. दारावर तिकीट असते तर यातले काय उरले असते, याचा विचार करावा.

दत्तक योजनेत खासगी संस्था बाग सांभाळते. काही ठिकाणी ती मनापासून सांभाळतेही. पण मुंबईत काही मैदानांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, सदस्यत्वाच्या भिंती आल्या, आणि लोकांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी त्या धोरणाला स्थगिती दिली. दत्तक देताना जागेवरचा ताबा, दारे उघडी ठेवण्याच्या वेळा आणि हिशेब हे तिन्ही पालिकेच्या हाती राहिले पाहिजेत. नाहीतर खर्च वाचवण्याच्या नादात जागाच जाते.

जागा कशी जाते, हे तामिळनाडूनेच पाहिले आहे. गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी १८५९ मध्ये मद्रासला लोकांसाठी 'पीपल्स पार्क' केले. ते ११६ एकरांचे होते. पुढे त्याच जमिनीवर व्हिक्टोरिया पब्लिक हॉल आला, १९०० मध्ये मूर मार्केट आले, १९१३ मध्ये महापालिकेची स्वतःची रिपन बिल्डिंग आली, नंतर स्टेडियम आले. प्रत्येक इमारत लोकोपयोगीच होती. तरी सगळ्या मिळून बाग खाऊन बसल्या. तंजावरच्या बागेच्या बारा वर्षे आधी जन्मलेली ही बाग आज चेन्नईत शोधावी लागते.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. रहिवासी भांडले. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि लोकांसाठी ठेवलेली मोकळी जागा सरकारच्या मर्जीने खासगी उपयोगाला देता येणार नाही हे स्पष्ट केले.

दूरच्या दोन शहरांचे शहाणपण

सार्वजनिक पैशाने बाग करण्याचा आधुनिक प्रघात ज्या शहरांनी घातला, त्यांनी राखणीचा विचार आधी केला होता. इंग्लंडमधल्या बर्कनहेडने १८४३ मध्ये कायदा करून २२६ एकर जमीन घेतली. १२५ एकरांवर जोसेफ पॅक्स्टनने बाग आखली आणि भोवतालचे भूखंड घरांसाठी विकायला काढले. बागेमुळे त्या भूखंडांना भाव आला आणि त्या भावातून बागेचा खर्च निघाला. १८४७ मध्ये ती बाग खुली झाली. १८५० मध्ये तिथे आलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आखणीत भाग घेतला.

अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसने १८८३ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे बागांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्याचे सदस्य लोक निवडून देतात आणि बागांसाठी कर बसवण्याचा अधिकार त्या मंडळाला आहे. रस्त्यासाठी पैसा कमी पडला म्हणून बागेच्या पैशाला हात घालणे तिथे सोपे नाही.

हे शहाणपण तंजावरला नवे नाही

मराठी वाचकाने अभिमानाने जाणून घ्यावी अशी गोष्ट इथे आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. छत्र म्हणजे प्रवाशांसाठी निवारा आणि अन्नछत्र. ती बहुधा राण्यांच्या नावाने असत. प्रतापसिंहराजांच्या काळातले नीडामंगलमचे यमुनांबापुरम आणि सरफोजीराजांनी १८०२ मध्ये ओरत्तनाडूला स्थापन केलेले मुक्तांबापुरम ही त्यांतली प्रसिद्ध नावे. तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, पुढे शाळाही चालल्या.

ही छत्रे चालत कशी? प्रत्येक छत्राला जमिनी आणि गावांचे उत्पन्न तोडून दिलेले असे. इमारत बांधताना तिच्या रोजच्या खर्चाची सोय कागदावर होत असे. १७९९ च्या तहाने कंपनीने राज्याचा कारभार घेतला, तेव्हा सरफोजीराजांना छत्रांची काळजी वाटली. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून छत्रांचे काम समजावून सांगितले आणि त्यांचे उत्पन्न तोडू नये अशी विनंती केली. राज्य हातातून गेलेल्या राजाने वाटसरूंच्या जेवणाच्या तरतुदीसाठी भांडावे, यात राखणीच्या पैशाचे मोल किती खोल समजले होते ते दिसते. पुढे राजवट बदलली, जमिनींचे उत्पन्न दुसरीकडे वळले आणि अनेक छत्रे ओस पडली. उत्पन्न होते तोवर छत्र चालले, उत्पन्न तुटल्यावर दगडी भिंती काही करू शकल्या नाहीत.

याच जिल्ह्याने आणखी एक धडा दिला आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन १८९२ मध्ये तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावी जन्मले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. आज तो मालमत्ता कराच्या १० टक्के आहे. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यावर चालतात. काही पालिकांनी गोळा केलेला उपकर ग्रंथालयांना वेळेवर दिला नाही हेही खरे, म्हणून नुसता उपकर पुरत नाही, तो वेगळ्या खात्यात ताबडतोब जमा व्हावा लागतो. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे पालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकराची ओळ असते. म्हणजे बागेसाठी बांधलेला पैसा ही कल्पना आपल्या कायद्याला अनोळखी नाही.

काय करावे

तंजावर असो, सांगली असो वा मडगाव, उपाय तेच आहेत आणि ते अवघड नाहीत.

पहिला, कोणत्याही नव्या बागेला किंवा नूतनीकरणाला मंजुरी देताना पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि तो येणार कुठून, हे ठरावात लिहावे. तेवढी सोय नसेल तर छोटी बाग करावी.

दुसरा, मालमत्ता कराचा ठरावीक भाग बागा आणि मैदानांच्या वेगळ्या खात्यात जावा. दर तीन महिन्यांनी त्या खात्याचा हिशेब बागेच्या दारावर फलकावर लागावा. माळ्यांची संख्या, पाण्याचा खर्च, दुरुस्तीची तारीख हे सगळे त्यावर असावे.

तिसरा, लेआऊटमधून मिळालेल्या प्रत्येक मोकळ्या जागेची यादी, सर्व्हे नंबर आणि नकाशासह लोकांना पाहायला मिळावी. कागदावर असलेली आणि जमिनीवर नसलेली जागा अशीच सापडते.

चौथा, माळी हा कुशल कामगार आहे हे मान्य करून त्याला कायमची नोकरी आणि नीट पगार द्यावा. वर्षाला बदलणाऱ्या ठेक्यावर झाड वाढत नाही, कारण झाड ओळखणारा माणूसच दरवर्षी बदलतो.

ही मागणी करायला मोठी संघटना लागत नाही. पालिकेचे अंदाजपत्रक हा सार्वजनिक कागद आहे. या वर्षी आपल्या शहराचे अंदाजपत्रक मागून घ्या. त्यात बागांच्या उभारणीला किती आणि राखणीला किती, हे दोन आकडे शेजारी लिहा आणि आपल्या नगरसेवकाला त्यांविषयी विचारा. सरफोजीराजांनी १८०१ मध्ये हाच प्रश्न परक्या सत्तेला विचारला होता. आपल्याला तो आपणच निवडून दिलेल्या माणसांना विचारायचा आहे, तेव्हा तो विचारायलाच हवा.